केवळाबाईचं बोलणं

गुरुपादप्पा मास्तर सणावाराचा माणूस. बसवजयंतीच्या मिरवणुकीत ते सगळ्यांच्या पुढे, पंचमीच्या लाह्यांवर त्यांचा हात सगळ्यांच्या आधी, आणि ताटात पुरणाची होळगी पडली की डॉक्टरनं काय सांगितलंय हे त्यांना आठवत नसे. फक्त येळवस जवळ आली की त्यांचा चेहरा उतरायचा. मार्गशीर्षातली अमावस्या ती. सगळं उदगीर त्या दिवशी कुलूप लावून रानात जातं, कडब्याच्या कोपीत चुना लावलेले पाच दगड पुजतं, भज्जी-भाकरीवर ताव मारतं आणि मडक्यातली आंबिल पिऊन झाडाखाली आडवं होतं. रान नसलेल्यालाही कुणी ना कुणी बोलावतंच, आणि येळवशीचं बोलावणं मोडायचं नसतं. मोडलं तर वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मास्तरांना बोलावणं यायचं धोंडगावच्या माळावरच्या केवळाबाईचं. तिचा लेक नरसिंग सायकलवर बारा मैल तुडवत उदगीरला यायचा, अंगणातूनच हाक मारायचा.

"मास्तर, आईनं बलिवलंय. येळवशीला यायलाव न्हवं?"

"येतो की," मास्तर म्हणायचे आणि आत येऊन गप्प बसायचे.

"बरं नाही म्हणून सांगायचं," त्यांची बायको दानम्मा म्हणायची. "दर वर्षी जाताय, आणि दर वर्षी आल्यावर दोन दिवस जेवत नाही. असं काय घालते ती बाई तुम्हाला?"

काय घालायची? आंबिलच घालायची, सगळ्यांना घालायची तीच. पण ती आंबिल घेऊन यायची केवळाबाईची सून सरजाबाई, आणि सरजाबाई डावा पाय ओढत यायची. कोपीपासून मास्तरांच्या पानापर्यंत वीस पावलं. त्या वीस पावलांत मास्तर हातातली भाकरी पानात परत ठेवायचे.

मग केवळाबाई जमलेल्या पाहुण्यांना न चुकता सांगायची, "हे मास्तर बरं का. भात्तर सालच्या दुष्काळात मशीन आली तवा ह्येनीच माजं बोलनं साहेबाच्या कानावर घातलं. साहेबाला पटलं न्हाई, त्येला ह्ये काय करत्याल?" एवढं बोलून ती मास्तरांकडे बघत राहायची. मास्तर आंबिलीत बघायचे.

कारण केवळाबाईचं बोलणं मास्तरांनी कुणाच्याच कानावर घातलं नव्हतं.

ते कसं झालं ते सांगायला हवं. त्यासाठी मास्तरांच्या वहीपासून सुरुवात करावी लागेल.

गुरुपादप्पांच्या घरात कानडी बोलायचे. शाळा निजामाच्या राज्यातली, म्हणून शिक्षण उर्दूत झालं. पोलीस ॲक्शननंतर मराठी आली, ती त्यांनी इतकी पक्की केली की पुढे तीच शिकवून पोट भरलं. तेलुगू बाजारात उचलली. इंग्रजी हट्टानं, एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकावरून. एवढ्या भाषा एका डोक्यात कोंबल्या की माणूस एक तर दलाल होतो नाही तर वेडा होतो. मास्तर शब्दवेडे झाले. त्यांच्याकडे एक लांबट वही होती, वाण्याच्या दुकानात असते तसली, आणि तिच्या प्रत्येक पानावर एक शब्द. तो शब्द कानडीत कसा, तेलुगूत कसा, दखनीत कसा, कुणाच्या तोंडी त्याचा अर्थ किती सरकला, हे सगळं बारीक अक्षरात. दानम्मा त्या वहीला सवत म्हणायची.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि उदगीर तालुक्यात परदेशातल्या कुठल्याशा मिशननं दिलेली बोअर पाडायची मशीन आली. तेव्हा अजून आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. मशीनबरोबर दोन गोरे. एक जर्मन, क्लाउस नावाचा, थोराड, लाल मानेचा. त्याला खेड्यातल्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी कळससाहेब करून टाकलं. दुसरा स्वीडनचा मिस्त्री, तो इंजिनाखालून क्वचितच बाहेर यायचा. दोघांना मराठी येत नव्हती आणि मशीनवरच्या पोरांना इंग्रजी येत नव्हती. तहसीलदारांनी मास्तरांना शाळेतून उचललं आणि दुभाषी म्हणून ट्रकवर बसवलं.

मास्तर हरखून गेले. लोक दगड फोडून दिवस काढत होते, ढोरं हाडांवर आली होती, आणि हा माणूस ट्रकवर बसून मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं घोळवत होता. त्यांच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की त्यांनी काम मन लावून केलं. सात-आठ गावांत पाणी लागलं, आणि कळससाहेबाला मास्तरांशिवाय पाऊल टाकवेना.

कळससाहेबाची एक रीत होती. गावात शिरलं की तो पाटलाला विचारायचा नाही, सरपंचाला विचारायचा नाही. "सगळ्यांत म्हातारं माणूस आणा," म्हणायचा. नकाशा त्याच्याकडे होता, खडकाची जाण होती, तरी पहिल्यांदा म्हाताऱ्यांचं ऐकायचा. त्याचा बाप विहिरी खणणारा होता म्हणे, तो असंच करायचा.

धोंडगावला मशीन गेली ती माघात, येळवस होऊन महिना झाल्यावर. मुक्काम दुकानदार ईश्वरप्पाकडे. ईश्वरप्पा दानम्माचा मामेभाऊ, म्हणजे मास्तरांचा मेहुणा. अशा सालातसुद्धा त्यानं होळगी केली, वर तूप सोडलं, आणि वाढता वाढता म्हणाला, "भावजी, महादेवाच्या देवळापुढं जागा मोठी हाय. गावाच्या मधोमध. सगळ्याला सोयीचं." देवळापुढं म्हणजे ईश्वरप्पाच्या दुकानासमोर. मास्तरांनी आणखी एक होळगी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. ट्रकजवळ चहा चालला होता. मिस्त्री इंजिनाखालून काहीतरी ओरडला आणि त्यात एक शब्द आला, ‘ब्रुन.’ कळससाहेब हसला आणि म्हणाला, "ब्रुनन!" मास्तरांचे कान टवकारले. त्यांनी लगेच वही काढली.

"म्हणजे काय?"

"विहीर," साहेब म्हणाला. "माझ्या भाषेत ब्रुनन, त्याच्या भाषेत ब्रुन. डेन्मार्कात ब्रॅन्ड, हॉलंडात ब्रोन." मग तो रंगातच आला. एकाच घरातल्या लेकी वेगवेगळ्या गावी दिल्यासारखा हा शब्द, म्हणाला. कुठं तो खणलेल्या विहिरीला लावतात, कुठं आपोआप फुटलेल्या झऱ्याला. हॉलंडवाले तर बातमी कुठून आली तेही त्याच शब्दानं विचारतात. आणि इंग्लंडच्या वर, स्कॉटलंडात, ओढ्याला बर्न म्हणतात, तीही त्यांतलीच एक बहीण.

"आमच्याकडेही आहे!" मास्तरांना राहवेना. "कानडीत बावी, तेलुगूत बावी, दखनीत बावडी, आमची बाव, आमची बारव!" साहेबानं आपली डायरी काढली आणि ते सगळं लिहून घेतलं. एक जर्मन माणूस आपल्या तोंडचे शब्द लिहून घेतोय, हे बघून मास्तरांची छाती एवढी फुगली की कोटाचं बटण ताणलं.

नेमक्या त्याच वेळी केवळाबाई आली.

ती गावातली नव्हती. गावापासून मैलभर माळावर मेंढेवाडी होती, दहा-बारा घरं, कोरडवाहू रानाची. तिथली ही विधवा, साठीची, डोईवर फाटकं लुगडं. साहेबाची रीत तिच्या कानावर गेली होती. सगळ्यांत म्हातारं माणूस मीच, म्हणत ती चालत आली होती. तिच्या मागे तिची नवी सून होती, सरजाबाई, दोन्ही पायांवर नीट चालणारी.

साहेबानं तिला ट्रकच्या पायरीवर बसवलं, सिगारेट पेटवली आणि म्हणाला, "बोल म्हणावं."

केवळाबाई बोलायला लागली. "साहेब, आमच्या वाडीवर पळस हाय. त्येच्या बुडाला जमीन उकळायलीय. माज्या सासूला तिच्या सासूनं सांगितलं, तिनं मला. पहाटंचा हात ठिवला की कळतंय, ऊबदार लागतंय. थंडीचं हितं दहिवर पडतंय सगळीकडं, त्या जागंवर पडत न्हाई, वाफ निगती. आमची देवनी गाय हाय, उन्हाळा असू द्या न्हाई तर काई, तितंच बसती, सावली सोडून. मुंग्याचं वारूळ बी तितंच. साहेब, खाली पानी उकळ्या मारायलंय. वर यायला वाट मागून राहिलंय त्ये. गाव उठला तरी आमी हाललो न्हाई त्ये त्येच्या भरवशावर. तेवडी वाट करून द्या त्येला. मी काई माज्यासाठी मागंना. ह्या पोरीला दोन कोसांवर जावं लागतंय बगा, पाथरीच्या आडावर, पायऱ्या न्हाईत त्येला, कोनाड्यात पाय ठिवून उतरतीय."

बोलता बोलता ती उठली, हात हलवून तिनं उकळी दाखवली, पुन्हा बसली. साहेब तिच्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणते?" त्यानं मास्तरांना विचारलं.

मास्तरांच्या मनात वाक्य जुळत होतं. जमीन उकळते. इंग्रजीत ते असं उघडं-नागडं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि त्यांना लाज वाटली. आत्ताच हा माणूस आपल्याला विद्वान समजून डायरीत लिहून घेत होता. आता आपण त्याला सांगायचं की आमच्याकडे जमिनी उकळतात, गाई जागा दाखवतात? हसेल तो. आणि त्यांच्या मागे, दुकानाच्या ओट्यावर, ईश्वरप्पा उभा होता. हेही खरंच. पुढे मास्तरांनी आयुष्यभर दोन्ही कारणं तोलून बघितली. कधी लाजेचं पारडं खाली जायचं, कधी होळगीचं.

"पाण्याची टंचाई आहे म्हणते," मास्तरांनी सांगितलं.

साहेबानं मान हलवली. ते त्याला दिसतच होतं. "आणि जागा?"

"लोकांचं म्हणणं देवळापुढं."

केवळाबाईनं मास्तरांना हात जोडले आणि ती सुनेला घेऊन माळाच्या वाटेला लागली.

देवळापुढं दोनशे फूट गेलं. काळ्या दगडाची भुकटी उडाली, ईश्वरप्पाचं दुकान पांढरं झालं, पाण्याचा थेंब नाही. गावाला एकच बोअर मंजूर होती आणि पुढची गावं वाट बघत होती. तिसऱ्या दिवशी मशीन गेली.

वैशाखात मास्तरांना कळलं की मेंढेवाडीची एक बाई पाथरीच्या आडात पडली. मेली नाही. कंबरेचं हाड मोडलं, हाडवैद्यानं बसवलं ते वाकडंच बसलं. मास्तरांनी नाव विचारलं नाही. पण त्या वर्षीच्या येळवशीला नरसिंग पहिल्यांदा अंगणात येऊन उभा राहिला, आणि रानात गेल्यावर आंबिलीचं मडकं घेऊन येणारीचं ते ओढतं पाऊल त्यांनी पाहिलं.

त्या दिवशी सांगून टाकायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात केवळाबाईनं पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली की ह्या मास्तरनं माझं बोलणं साहेबाच्या कानावर घातलं. झालं, मास्तरांनी आंबिलीला तोंड लावलं. दुसऱ्या वर्षी सांगू म्हणाले. दुसऱ्या वर्षी पाहुणे जास्त होते. तिसऱ्या वर्षी केवळाबाईला ताप होता. कारणाला तोटा कधीच नसतो, आणि मास्तरांना तर पाच भाषांत कारणं सुचत.

जगायला त्यांनी एक टेकू शोधला होता. ते स्वतःला सांगायचे, सांगितलं असतं तरी काय झालं असतं? ‘जमीन उकळते’ हे त्या गोऱ्या माणसाला कळलंच नसतं. तो हसला असता आणि त्यानं देवळापुढंच मशीन लावली असती. या टेकूवर मास्तरांनी जवळजवळ दहा वर्षं काढली. वाईट टेकू नव्हता.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. पताका लागल्या, भाषणं झाली, उस्मानाबादहून फायली ट्रकांनी आल्या, आणि शाळामास्तरांना नेहमीप्रमाणे याद्या उतरवायला जुंपलं. गुरुपादप्पांनाही नव्या जिल्ह्याच्या गावी पाठवलं. तिथले साहेब मीटिंगमध्ये होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. मास्तरांनी चौकशी केली आणि जवळच्या एका वाचनालयात जाऊन बसले. तिथं काचेच्या कपाटात एक दांडगा इंग्रजी कोश होता, शब्दांची कुळं सांगणारा. वाचनालयवाल्यानं त्यावरची धूळ झटकून दिली.

मास्तरांनी सहज, अगदी सहज, तो स्कॉटलंडातला ओढा काढला. बर्न.

कळससाहेबानं सांगितलेल्या सगळ्या बहिणी तिथं होत्या. ब्रुनन, ब्रुन, ब्रोन. शिवाय एक फार जुनी आजी, गॉथ नावाच्या लोकांच्या भाषेतली, ब्रुन्ना. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की जाणकारांच्या मते या शब्दाचा मूळ अर्थ खणलेला खड्डा नव्हेच. मूळ अर्थ उकळणं, बुडबुडे येणं, खालून उसळ्या मारणं. जमिनीतून उकळी फुटल्यासारखं वर येतं ते पाणी. कढणाला आणि दारू आंबवण्याला त्यांच्याकडे जे शब्द आहेत तेही याच कुळातले, आणि जळण्याचा शब्दही बहुधा त्यांचाच लांबचा भाऊ.

मास्तरांनी ते तीनदा वाचलं. मग त्यांनी कोश मिटला आणि दोन्ही हात त्यावर ठेवून बसून राहिले.

हसला असता म्हणे! ज्या माणसाच्या भाषेत विहिरीला नावच उकळणारं पाणी असं होतं, जो विहीर खणणाऱ्याचा पोर होता, तो हसला असता? त्या सकाळी हाच शब्द हातात घेऊन तिघं चहा पीत होते. मेंढेवाडीची अडाणी बाई मैलभर चालत येऊन त्याच शब्दाचा गाभा त्यांच्यापुढे ठेवून गेली, आणि पाच भाषा येणाऱ्या माणसानं तो उचलून पलीकडे दिला नाही. दुभाष्याला दुसरं काम काय असतं? मास्तरांना भर दुपारी वाचनालयात घाम फुटला. वाचनालयवाल्यानं पाणी आणून दिलं. त्यांना ते पिववेना.

त्या रात्री वहीत त्यांनी ‘बावी’चं पान काढलं. ब्रुननच्या ओळीपुढे लिहिलं, उकळी, मेंढेवाडी, केवळाबाई. पुढे चार वर्षं त्यांनी वही उघडली नाही. दानम्माला वाटलं, सवतीशी भांडण झालं.

आणि येळवस येत राहिली. आता टेकू नव्हता. मास्तर जायचे, केवळाबाईचं ऐकायचे, आंबिल प्यायचे आणि परत यायचे. तिच्या डोळ्यांत पडदा येत चालला होता. तरी बोलून झाल्यावर ती तोंड त्यांच्याकडेच करायची.

नव्या जिल्ह्याला चार वर्षं होतात न होतात तोच पाऊस पुन्हा रुसला. दोन खरीपं गेली. आता गोऱ्यांची मशीन नव्हती, तमिळ मुलखातल्या बोअरच्या गाड्या गावोगाव धडधडत फिरत होत्या. टंचाईच्या कामाला तहसीलीत अनुभवी माणूस हवा होता. कुणीतरी म्हणालं, बहात्तर साली गुरुपादप्पा होते मशीनबरोबर. मास्तरांची नोकरी सहा महिने उरली होती. त्यांच्यापुढे गावांची यादी आली. धोंडगावच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, मेंढेवाडी, पळसाखाली. भूजलवाला पोरगा यंत्र लावून बघून आला आणि म्हणाला, वाईट नाही जागा.

आता माणसाच्या मनाची गंमत बघा. गाडी माळावर चढली, पळसापासून दहा हातांवर दांड्या रोवल्या, आणि मास्तर मनात म्हणाले, बोअर कोरडी जाऊ दे. देवा महादेवा, कोरडी जाऊ दे. कोरडी गेली तर केवळाबाईचं बोलणं म्हातारीची बडबड ठरत होती. मग त्यांनी सांगितलं काय आणि न सांगितलं काय, सारखंच होतं. तहानलेल्या वाडीत उभं राहून, शिक्षक माणूस, पांढऱ्या टोपीतला, पाणी लागू नये म्हणून देवाला विनवत होता. आणि आपण काय मागतोय हे त्यांना कळत होतं. त्यांना स्वतःची शिसारी आली, तरी मागणं थांबेना.

साठ फूट, भुकटी. ऐंशी, भुकटी. नव्वदीला मास्तरांचा जीव थोडा भांड्यात पडला. एकशेदहावर भुकटी ओली झाली. मग चिखल उडाला. मग आतून घरघर झाली आणि पाणी असं उसळून आलं की गाडीवरची पोरं बाजूला पळाली. गढूळ, कोमट, बुडबुड्यांचं पाणी. पळसाच्या फांदीला लागून ते खाली पडत होतं. सगळी वाडी ओरडत होती, पोरं त्यात नाचत होती, नरसिंग आडवा पडून रडत होता.

केवळाबाई बाजेवर बसली होती. तिला दिसत नव्हतं. तिनं हवेत हात धरला, त्यावर थेंब पडले, ते तिनं चाखले.

मास्तर तिच्यापुढे जाऊन जमिनीवर बसले, चिखलात, धोतरासकट.

"मावशी, मला काही सांगायचंय."

"सांगा की."

"त्या साली... तुम्ही साहेबाला जे बोलला होता, ते मी त्याला सांगितलंच नाही. जमीन उकळते म्हणालात, गाय बसते म्हणालात, काहीच नाही. टंचाई आहे एवढंच सांगितलं. मला लाज वाटली तुमच्या बोलण्याची. माझं पाप आहे ते. सरजाबाईचा पाय माझ्यामुळे गेला."

सरजाबाई नव्या पाण्यानं भरलेली घागर घेऊन मागेच उभी होती. ती जागची हलली नाही.

केवळाबाई म्हणाली, "ठाव हाय मला."

मास्तरांनी वर बघितलं.

"मी बोलायले तवा साहेबानं बिडी पेटिवली हुती. माजं बोलून हुईस्तवर निम्मी जळाली. तुमी सांगिटलं, तवा तिची राख बी पडली न्हाई. तुमची भाषा मला येत न्हाई मास्तर, पर येवडं बोलनं तेवड्यात कसं मावंल?"

"तेव्हापासून ठाऊक होतं?" मास्तरांनी विचारलं. "मग दर वर्षी येळवशीला कशाला बोलवायचात मला? चार लोकांत माझं नाव कशाला घ्यायचात?"

"सांगाल म्हनून," केवळाबाई म्हणाली. "दर साल वाटायचं, आज सांगत्याल. मी आयतं काडून द्यायची बोलनं. तुमी आंबिल प्यायचा आन् जायचा."

पाणी उसळतच होतं.

"आता सांगा," ती म्हणाली.

"कुणाला? साहेब कुठं आहे आता?"

"नसू द्या. त्येच्या भाषेत सांगा. पुरं. मी ऐकती." मग तिनं मान वळवली. "नरसिंगा, बिडी पेटीव."

नरसिंगला काही कळेना, पण त्यानं डोळे पुसले आणि बिडी पेटवली. मास्तर चिखलातून उठून उभे राहिले. टोपी सारखी केली. आणि तिथं, त्या माळावर, जिथं एकालाही इंग्रजी येत नव्हती, त्यांनी केवळाबाईचं बोलणं सांगायला सुरुवात केली. पळस सांगितला. सासूची सासू सांगितली. दहिवर कुठं पडतं आणि कुठं पडत नाही ते सांगितलं. देवणी गाय, मुंग्यांचं वारूळ, एकही गोष्ट सुटली नाही. तेरा वर्षांत ते एक अक्षरही विसरले नव्हते. जमीन उकळते, हे त्यांनी सांगितलं, आणि ते इंग्रजीत मुळीच हसण्यासारखं वाटत नव्हतं. पाणी वर यायला वाट मागतंय, हे सांगितलं. शेवटी त्या पोरीचं आलं, दोन कोसांवर जाणारीचं, कोनाड्यात पाय ठेवून उतरणारीचं. तिथं त्यांना थांबावं लागलं. मग तेही त्यांनी पुरं केलं.

"झालं?" केवळाबाईनं विचारलं.

"झालं."

"नरसिंगा, किती जळाली?"

नरसिंगनं बिडी बोटांत धरून बघितली. "निम्मी, आई."

"हां," केवळाबाई म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

सरजाबाईनं घागर कमरेवर घेतली आणि ती घराकडे वळली. हे सगळं ती आज पहिल्यांदाच ऐकत होती. सासूनं तिला कधी सांगितलं नव्हतं. मास्तर धावले, त्यांनी घागरीला हात लावला.

"आण बाई, मी नेतो."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, मायेनंही नाही.

"ऱ्हावू द्या, मास्तर," ती म्हणाली. "आता सवय झालीय." आणि पाय ओढत ती चालू लागली.